सुभेदाराची नोंद

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या एका डॉक्टरांच्या मनात आलं, की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा ज्ञानकोश इंटरनेटवर असावा. माणसं, गावं, देवळं, तलाव, चळवळी, सगळं एका जागी. आमच्यापैकी बहुतेकांनी तोवर इंटरनेट नुसतं ऐकलेलं होतं. साताऱ्याचा एक कॉम्प्युटर क्लासवाला पानं चढवणार होता, आणि कुठली पानं चढवायच्या लायकीची आहेत ते ठरवायला समिती नेमली होती. सांगलीचे एक निवृत्त प्राचार्य तिचे मुख्य संपादक. साताऱ्याचे एक वकील. आणखी दोघं इतिहासाचे अभ्यासक, जे बहुतेक वेळ माना हलवत. आणि मी.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. समितीत एकटीच बाई आणि एकटीच बौद्ध. दोन रिकाम्या खुर्च्या एकाच माणसात भरल्या गेल्यात, हे मला पहिल्याच बैठकीत कळलं. चहा आला तेव्हा प्राचार्यांनी ट्रे माझ्याकडे सरकवला आणि सगळे माझ्याकडे बघत बसले. मी माझा कप उचलला आणि ट्रे तसाच वकिलांकडे ढकलला.

नियम प्राचार्यांनी केला होता. ज्याचं काम आपल्या गावाबाहेर पोचलंय आणि ज्याच्याबद्दल तिऱ्हाइतानं कुठंतरी आधी छापलंय, त्याचीच नोंद. ऐकायला नियम सरळ होता. त्याचा काटा कुठं बोचतो ते मला लगेच समजलं. मी सुचवलेली पहिली नोंद आमच्या भागातल्या एका आंबेडकरी जलसाकाराची होती. हा माणूस डफ घेऊन आटपाडीपासून पार विट्यापर्यंत पायी फिरला, त्याची गाणी आमच्या आया-मावश्यांना अजून तोंडपाठ होती. प्राचार्य म्हणाले, "छापील काय आहे?"

छापील काही नव्हतं. कुणी छापणार होतं?

"मग कसं करणार, मॅडम? उद्या कुणीही उठेल आणि आपल्या आजोबांची नोंद आणेल."

नोंद बाद झाली. पुढच्या बैठकीला मी जाणारच नव्हते. गेले ते केवळ अशासाठी, की मी गेले नाही तर ह्यांना बरं वाटेल.

ती बैठक साताऱ्यात वकिलांच्या घरी होती. प्राचार्यांनी नव्या नावांचे कागद वाटले आणि एक माझ्यापुढे ठेवला. "हे तुमच्याच गावचे निघाले. तुम्हीच करा. नोंद द्यायची की नाही, ते तपासा आणि द्यायची असेल तर लिहा."

कागदावर सुभेदाराचं नाव होतं.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. सुभेदार फौजेतून सुभेदार होऊन परतला आणि बरीच वर्षं गावचा सरपंच होता. गावाला पाझर तलाव त्यानं आणला, हायस्कूल त्यानं आणलं. हे सगळं खरं होतं. आणि मी दुसरीत असताना आमच्या वस्तीवर बहिष्कारही त्यानंच टाकला होता.

कारण एवढंच, की मेलेली जनावरं ओढून न्यायची नाहीत असं वस्तीनं ठरवलं होतं. बोलायला माझा बाप पुढं झाला होता. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या कुणालाही शेतावर काम मिळेना. पिठाच्या गिरणीतून ज्वारी तशीच परत यायला लागली. किराणा दुकान बंद. आई शेजारच्या गावाहून मीठ आणायची आणि ते गाडग्यात घालून आमच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवायची. माझ्या धाकट्या भावानं एकदा चोरून मीठ चाटलं म्हणून त्याला तिनं मारलं होतं. तिनं आम्हाला मारलेलं मला तेवढं एकदाच आठवतं. महिने गेले तरी काही सुटेना, तेव्हा बाप सांगलीजवळ माधवनगरला निघून गेला, सूतगिरणीत लागला. नंतर बहिष्कार आपोआप ढिला पडला, पण बाप परत राहायला आला नाही. सणाला यायचा. तिकडंच खोलीवर वारला.

मी कागद प्राचार्यांकडे परत सरकवला. "मी हे करणार नाही." कारण विचारलं तेव्हा कारणही सांगितलं.

 मग वकील म्हणाले, "मॅडम, वाईट वाटलं ऐकून. पण वैयक्तिक वैर कोशात आणून कसं चालेल?"

"म्हणूनच म्हणतेय, दुसऱ्या कुणाला द्या."

"त्या बाजूचं दुसरं कोण आहे आपल्यात?" प्राचार्य म्हणाले. "आणि अभ्यासकानं अशा गोष्टींच्या वर उठायचं असतं."

ह्या वाक्यानं मी कागद उचलला. वर उठायला नाही. सुभेदार नियमात बसत नाही हे सिद्ध करायचं आणि त्यांच्याच नियमानं त्याला बाद करायचं, हे माझ्या डोक्यात होतं. जलसाकाराला जसं केलं तसं.

सांगलीच्या ग्रंथालयात मी जुनी वर्तमानपत्रं चाळली, आणि सुभेदार नियमात बसला. तलावावर एका दैनिकात अर्धं पान आलं होतं, त्यात त्याचा फोटो. पुण्याच्या एका इंजिनियरनं कोरडवाहू भागातल्या पाणीकामांवर पुस्तक लिहिलं होतं, त्यात तो दोन ठिकाणी. तलावाचं पाणी शेजारच्या गावांनाही जात होतं. मी नियम उलटासुलटा लावून पाहिला. कुठूनही लावला तरी माणूस आत येत होता. बहिष्काराबद्दल मात्र एक ओळ कुठं छापलेली नव्हती. त्या दिवशी ग्रंथालयातून बाहेर पडताना मला सुभेदारापेक्षा छापखान्यांचा जास्त राग आला होता.

शनिवारी एसटी धरून गावाला गेले. आईला सांगितलं.

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. "त्येचं नाव तू लिवणार?"

"लिहायचं का नाही, ते ठरवायचंय."

"आन् लिवलंस तर काय लिवशील? तळं बांधलं?"

"ते तर लिहावंच लागेल."

"तळ्याची माती म्या वाह्यली," आई म्हणाली. "पोटात तुजा भाऊ हुता. समदी वस्ती हुती रोजगारावर. त्यो टोपी घालून वर हुबा ऱ्हायचा." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "लिवायचं आसंल तर समदं लिव्ह. आर्धं लिवणार आसशील तर माज्या घरी ऱ्हाऊ नगंस आज. आत्ताच्या गाडीनं जा."

मी संध्याकाळी सुभेदाराकडं गेले. तो डाळिंबाच्या बागेत बाजेवर बसला होता. ऐंशीच्या पुढं गेला असेल, पण पाठ ताठ. मला बघून हाक मारली, "कुनाची गं तू?"

मी वडलांचं नाव सांगितलं.

"माधवनगरला गेल्याला त्यो?"

"हो. तिकडंच वारला."

"हां." तेवढंच. मग म्हणाला, "त्या प्राचार्याचं पत्र आलंय. माजी नोंद करायची म्हंत्यात, कॉम्प्युटरवर."

"करायची का नाही, ते ठरवायला आलेय."

"कोन ठरवणार? तू?"

"मी."

तो हसला. "बस. च्या सांगत न्हाई. तू पिनार न्हाईस, आन् मलाबी सांगायचा न्हाई."

मी टेपरेकॉर्डर काढून बाजेच्या कडेला ठेवला. तो घाबरला नाही. फौजेचं सांगितलं, तलावाचं सांगितलं. कलेक्टर भेटत नव्हता म्हणून कचेरीच्या पायरीवर कसा बसून राहिला, शिपाई हाकलायला आला तेव्हा छातीवर मेडलं लावून कसा परत आला. सांगायची हातोटी होती त्याच्याकडं. ऐकता ऐकता मी मधेच हसले, आणि हसल्याची मला इतकी चीड आली की पुढचा प्रश्न मी जवळजवळ ओरडून विचारला.

"मी दुसरीत होते तेव्हा तुम्ही आमच्या वस्तीवर बहिष्कार टाकला. का?"

मला वाटलं होतं, नाही म्हणेल. आठवत नाही म्हणेल. वयाचं निमित्त करेल. त्याच्यावर तुटून पडायची माझी तयारी होती.

"टाकला," सुभेदार म्हणाला. "गावात हुकूम येकच चालतो. फौजंत बी येकच चालतो. तुज्या बापानं ढोर वडायला न्हाई म्हनलं. एकदा समजावलं, दोनदा समजावलं. मग म्हनलं, तुमी आमचं काम करत न्हाई, आमी तुमचं करत न्हाई. बास."

"ढोर ओढणं आमचं काम, हे कुणी ठरवलं होतं?"

"म्या न्हाई ठरवलं. माज्या आदीच ठरल्यालं हुतं."

"मग मोडायला काय झालं होतं?"

"मोडायला माजं काय आडलं हुतं?"

 टेप फिरत होती.

"हे मी लिहिणार आहे," मी म्हणाले.

"लिव्ह की. भितो काय म्या? केलं ते केलं. लिव्ह, सुभेदारानं गाव येका हुकमात ठिवलं."

परतीच्या वाटेवर तेच डोक्यात होतं. त्यानं खोटं बोलायला हवं होतं. खोट्याशी भांडता येतं. हा माणूस माझ्या घराची राखरांगोळी मेडलासारखी छातीवर लावायला तयार होता. मला ती गोष्ट लिहायची होती आणि त्यालाही लिहून हवी होती. मग मी ती नेमकी कुणासाठी लिहीत होते? त्या रात्री आईच्या शेजारी पडून मी पहिल्यांदा मनात म्हटलं, की कदाचित नोंद नकोच.

पण सांगलीला आल्यावर लिहिली. त्याचा हुकूम, त्याची शिस्त, हे त्याचे शब्द वापरायचे नाहीत असं ठरवून लिहिली. फौज, तलाव, हायस्कूल, सगळं नीट दिलं, मेडलांची हकीकतही दिली. आणि सरपंचपदाच्या परिच्छेदात तीन वाक्यं घातली. मेलेली जनावरं ओढायला नकार दिल्यावरून त्यांनी गावातल्या बौद्ध वस्तीवर बहिष्कार पुकारला. शेतातली कामं, पिठाची गिरणी आणि किराणा दुकान वस्तीला बंद झालं, मीठही मिळेना. काही कुटुंबं कायमची गाव सोडून गेली. विशेषण एकही नाही. विशेषणं खोडताना दोन पेनं संपली म्हटलं तरी चालेल.

बैठक प्राचार्यांच्या घरी, सांगलीत झाली. त्यांनी नोंद वाचली आणि चष्मा काढला. "उत्तम आहे. ही तीन वाक्यं तेवढी काढा."

"का?"

"छापील आधार नाही."

"ते स्वतः बोललेत. टेप आणलीये." मी टेप लावली. *टाकला*, सुभेदाराचा आवाज प्राचार्यांच्या दिवाणखान्यात म्हणाला. दोघा अभ्यासकांनी माना हलवल्या नाहीत, एवढाच फरक पडला.

"स्वतःबद्दल माणूस बोलतो ते तिऱ्हाइताचं मानता येत नाही," प्राचार्य म्हणाले.

"मग त्यांचं जन्मगाव काढा. पलटण काढा. कलेक्टरच्या पायरीवर बसले तेही काढा. तेही त्यांनीच सांगितलंय, आणि तुम्ही आत्ता वाचताना त्याला 'वा' म्हणालात."

"तुम्ही विषय वैयक्तिक करताय."

"विषय माझ्या घरातून गेलाय, सर. मी काय करू?"

वकील मधे पडले. सुभेदार आज कबूल करतील, उद्या त्यांची मुलं कोर्टात जातील, अब्रुनुकसानीचा दावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांना ते पटलं. त्यांनी ठरवलं की नोंदीची प्रत सुभेदारालाच पाठवायची आणि त्याची हरकत आली तर वाक्यं काढायची. हरकत येणार याची त्यांना खात्री होती. मला नव्हती, आणि मला मनातून बरं वाटत होतं. सुभेदार माझ्या बाजूनं बोलेल ह्यावर मी विसंबून होते! त्याचा विचार आता केला तरी तोंड कडू होतं.

दहा-बारा दिवसांनी सुभेदाराचा थोरला मुलगा सांगलीत विश्रामबागला माझ्या घरी आला. पन्नाशीचा माणूस, पंचायत समितीत नोकरीला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आबांनी वाचलं," तो म्हणाला. "बहिष्काराचं ऱ्हाऊ द्या म्हंत्यात. मिठाचं तेवढं काढा."

मला आधी कळलंच नाही. "मिठाचं?"

"मीठ बंद करा असं आबांनी कवाच सांगितलं न्हवतं. दुकानदारानं आपल्या मनानं केलं."

"दुकान कुणाचं होतं?"

तो दाराच्या चौकटीकडं बघत राहिला. "चुलत्याचं."

"आणि तुमच्या वडलांच्या हुकमाशिवाय तुमचे चुलते मीठ अडवायचे?"

"मॅडम, मीठ आडवनं म्हंजे पाप आसतंय. लोक काय म्हंतील? आबा दोन दिवस जेवलं न्हाईत त्येच्यावरनं."

"आम्ही त्यापेक्षा जास्त दिवस नीट जेवलो नव्हतो. पीठ अडवलेलं चालतं त्यांना? काम अडवलेलं चालतं?"

त्याचा आवाज चढला. "तुमी आज ह्या घरात बसलाय ते त्या हायस्कुलामुळं. ते आबांनीच आनलं. त्येची ही फेड काय?"

"त्याच हायस्कुलात मी वर्गात कुठं बसायचे, तेही लिहू का? लिहिते. थांबा, कागद आणते."

तो थांबला नाही. जिना उतरताना म्हणाला, "मग नोंदच नगं आमाला."

"ते तुम्ही ठरवायचं नाही!" मी वरून ओरडले. शेजारच्या बाई दार उघडून बघायला लागल्या.

दार लावून मी आत येऊन बसले.  इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या माणसाच्या आत काहीच नाही. आता कळलं की होतं. आपल्या हातून घडलेलं पाप कुठलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, तेव्हाही ठाऊक असणार. त्यामुळं राग कमी झाला नाही. वाढला.

शेवटची बैठक साताऱ्याला झाली. हरकत एका शब्दाला आहे, तीन वाक्यांना नाही, असं मी सांगितलं. प्राचार्य म्हणाले, हरकत ती हरकत. तिन्ही वाक्यं जातील. मी म्हणाले, मग नोंदीखाली माझं नाव नको आणि मी अमेरिकेतल्या डॉक्टरांना सगळं लिहून कळवणार. वकील उठून खिडकीपाशी गेले. एका अभ्यासकानं पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि सुचवलं, की "काही सामाजिक तणावाचे प्रसंग आले" असं लिहिलं तर?

"कुणावर आले?" मी विचारलं. "आकाशातून आले?"

मग मतं घेतली. सुभेदाराला त्या वाक्यांसकट आत घ्यायला माझं एकटीचं मत. वाक्यं काढून आत घ्यायला प्राचार्यांचं एकट्याचं, कारण दाव्याच्या भीतीनं वकिलांना आता त्या माणसाची नोंदच नको होती आणि बाकीचे दोघं वकिलांकडं बघून बोलले. नोंद 'वादग्रस्त' म्हणून बाजूला ठेवली गेली.

प्राचार्य कागद गोळा करताना म्हणाले, "तुमच्यामुळे एका कर्तृत्ववान माणसाची नोंद गेली, हे लक्षात ठेवा."

"सर, ती लायकीची होती असं म्हणणारी तिथं मीच होते," मी म्हणाले. "सगळीच्या सगळी." आणि पर्स उचलून बाहेर पडले. साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती, तीत बसले. समितीचा राजीनामा दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकला.

वेबसाईट पुढं काही महिन्यांनी सुरू झाली. मी एका सायबर कॅफेत जाऊन पाहिली. पानं एकेक इंच खाली उतरत होती, निम्मी अक्षरं चौकोन दिसत होती. आमच्या तालुक्याच्या पानावर आमचा तलाव होता. 'ग्रामस्थांच्या प्रयत्नांतून साकारलेला,' असं लिहिलं होतं. कोण ग्रामस्थ, कुणी माती वाहिली, कोण टोपी घालून उभं होतं, काही नाही. सुभेदार नव्हता, बाप नव्हता, जलसाकार नव्हता. बाजूच्या कॉम्प्युटरवर दोन पोरं गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत होती. मी उठले.

आईला जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजे आर्धं बी न्हाई लिवलं?"

"नाही."

"मग ऱ्हा आज," ती म्हणाली. मी राहिले.

सुभेदार पुढच्या उन्हाळ्यात गेला. गाव बंद ठेवलं होतं, वस्तीतलीही काही माणसं मातीला गेली, कारण त्याच्या मुलांशी रोजचे व्यवहार होते. आई गेली नाही, आणि जाणाऱ्यांना तिनं काही म्हटलंही नाही. आठवड्याभरानं कॉलेजात माझ्यासाठी फोन आला. प्राचार्य होते. शोकसभेसाठी एक पानभर लिहून हवं होतं. म्हणाले, "त्यांच्याबद्दल तुमच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही."

मी नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही दिलं नाही. त्यानंतर आम्ही एकाच शहरात राहत होतो, एकाच व्याख्यानमालेला जात होतो. ते पुढच्या रांगेत बसायचे, मी मागं बसायचे, आणि निघताना दोघं वेगवेगळ्या दारांनी निघायचो.